वाकडी तार

आज सुरुवातीलाच एक कबुली देते. मी डॉक्टर आहे, मला नऊ वर्षांपासून मधुमेह आहे, आणि त्यातली शेवटची तीन वर्षं मी डोळ्यांचा पडदा तपासूनच घेतला नव्हता. पेशंटना मात्र रोज दटावत होते.

चिंचोटीत आमच्या घरामागे छोटंसं परस आहे, त्यापलीकडे तुंगारेश्वरचे डोंगर. पावसाळ्यात इथला धबधबा माणसांना खेचून आणतो आणि त्या पाण्यात अनेकांचे जीव गेलेत. मला आवडते ती माघ सरतानाची चिंचोटी. धबधबा आटलेला, पहाटेचं थोडं धुकं, आणि काटेसावरीवर पान एक नाही पण फुलं लालभडक. त्या फुलांवर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल तुटून पडतात. फोटो काढायला शिकायचं असेल तर याहून सोपा हंगाम नाही. पानंच नाहीत, पक्षी लपणार कुठे?

माझा लाडका वेडा राघू. हिरवागार, चिमणीएवढा, शेपटीतून बारीक काडी बाहेर आलेली. विजेच्या तारेवर बसतो, झेपावून हवेतला किडा पकडतो आणि बरेचदा पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. म्हणजे आपण रिकाम्या तारेवर कॅमेरा रोखून चहा पीत बसायचं!

गेल्या फेब्रुवारीत माझ्या उजव्या डोळ्याला रांजणवाडी झाली होती, म्हणून कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला. राघूच्या पायाशी तार वाकडी दिसली, पाण्यातून पाहावं तशी. मी काच पुसली, चष्म्याच्या नंबरासाठी असते ती छोटी चकती फिरवली. फरक नाही. आमचे हे म्हणाले, "कॅमेरा दुरुस्तीला टाक." तरी फोटो काढला आणि दोन्ही डोळ्यांनी कॉम्प्युटरवर पाहिला. तार सरळ, राघूच्या चोचीतला चतुरसुद्धा स्वच्छ. मग उजवा डोळा हाताने झाकून खिडकीचे गज पाहिले. मधले दोन गज लवलेले होते. कॅमेरा ठीक होता.

हे का होतं ते सांगते. डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या मध्यभागी मॅक्युला नावाचा छोटासा भाग असतो. वाचणं, सुईत दोरा ओवणं, चेहरा ओळखणं, सगळं बारीक काम त्याचं. मधुमेहात पडद्याच्या सूक्ष्म रक्तवाहिन्या कमकुवत होऊन पाझरू लागतात, मॅक्युलाला सूज येते, आणि सुजलेल्या पडद्यावर सरळ रेघ वाकडी उमटते. दुखत काहीच नाही. शिवाय दुसरा डोळा चांगला असेल तर मेंदू त्याच्यावर काम भागवतो आणि आपल्याला पत्ताच लागत नाही. मला रांजणवाडी झाली नसती तर आणखी किती महिने गेले असते, हा विचार आजही छातीत धडकी भरवतो.

तुम्ही आत्ताच करून पाहा. चष्मा असेल तर तो लावा. एक डोळा तळहाताने झाका (दाबू नका) आणि फरशीच्या रेघा किंवा खिडकीचे गज पाहा. मग दुसरा. रेघ वाकडी, तुटक किंवा मध्येच पुसट दिसली तर नेत्रतज्ज्ञांकडे जायला उशीर करू नका. अचानक काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट किंवा पडदा सरकल्यासारखी सावली दिसली तर त्याच दिवशी जा. पण गज सरळ दिसले म्हणून मधुमेहींनी निर्धास्त होऊ नये. सुरुवातीच्या बिघाडात नजर अगदी उत्तम असते. टाइप २ मधुमेहाचं निदान झालं की लगेच, आणि नंतर साधारण दरवर्षी, बाहुली मोठी करून पडदा तपासायचा. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, म्हणून गाडी चालवत जाऊ नका, सोबत कुणाला तरी न्या.

माझं ओसीटी स्कॅन झालं, सूज निघाली. डोळ्यात इंजेक्शन म्हटल्यावर मीही हादरले, पण थेंबांनी डोळा बधिर करतात. दाब जाणवला, फार दुखलं नाही. महिन्याच्या अंतराने तीन झाली, पुढची चालू आहेत. साखर आणि रक्तदाबाकडेही आता नीट लक्ष देते आहे.

यंदाही राघू आलाय, त्याच तारेवर. मी आधी उजवा डोळा झाकून तार पाहते. किंचित लवलेली आहे अजून, गेल्या वर्षीपेक्षा कमी. मग कॅमेरा उचलते.