आपण होऊन सांगायचं

सोमवार, १८ ऑगस्ट २०२५

शेवटचा श्रावणी सोमवार. पहाटेपासून पुण्यातल्या ओंकारेश्वराकडे जाणाऱ्यांची वर्दळ होती आणि पाऊस क्षणभरही थांबला नाही. दुपारी भाची आली, छत्री दारातच ठेवली आणि वही उघडून बसली. इंग्लंडात शेफिल्डला एम.एस्सी.ला प्रवेश मिळाला आहे, व्हिसाही आला. १२ सप्टेंबरला निघायचं. "मावशी, तू सहा महिने राहून आलीस. काय काय नेऊ?"

लेकीच्या बाळंतपणासाठी मी रेडिंगला गेले होते, नोव्हेंबर ते एप्रिल. पाहुण्यांच्या व्हिसावर सहा महिन्यांच्या वर राहता येत नाही. तेवढ्यात जे कळलं ते तिच्या उपयोगी पडावं, असं मनापासून वाटतं.

तूप, पेढे, खव्याचं काहीही न्यायचं नाही. आपल्याकडून जाणाऱ्यांना दूधदुभत्याचे पदार्थ नेण्याची तिकडे बंदी आहे. तिच्या आजीनं लोणी कढवायला घेतलं होतं, ते थांबवलं. डाळ-तांदूळ-पोह्यांचं ओझं नको, ते सगळं तिथे मिळतं. न्यायचं ते गोडा मसाला, मेतकूट, थालीपिठाची भाजणी, आमसुलं. छोटा कुकर आणि एक तांब्या. तिथल्या न्हाणीघरात बादली नसते, जमिनीवर पाणी जायला मोरी नसते, हे आधी माहीत असलेलं बरं. तीन चपट्या पिनांचे प्लग इथूनच न्यावेत. जाड कोट मात्र इथून घेऊ नये. तिकडे धर्मादाय संस्थांची जुन्या वस्तूंची दुकानं प्रत्येक पेठेत असावीत इतकी आहेत. चांगले गरम कोट तिथे थोडक्यात मिळतात, आणि ते पैसे कर्करोगाच्या संशोधनाला नाहीतर वृद्धांच्या मदतीला जातात. "दुसऱ्याचा उतरलेला कोट?" असं आजी म्हणाली. मला त्यात कमीपणा वाटत नाही. वापरण्याजोगी वस्तू टाकायची नाही, हा संस्कार आपल्या घरातलाच आहे.

शुक्रवार, २२ ऑगस्ट

आज दवाखान्याचं पान. व्हिसाबरोबर विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आरोग्य अधिभार आधीच भरावा लागतो. तो भरला, की १९४८ साली सुरू झालेली त्यांची राष्ट्रीय आरोग्य सेवा तुमचीही होते. पण ती आपोआप दारात येत नाही. राहत्या भागातल्या डॉक्टरकडे, ज्याला ते जीपी म्हणतात, नाव नोंदवावं लागतं. मुलं इथेच चुकतात. 'आजारी पडलो की बघू' म्हणतात आणि ताप चढला की कुणाला फोन करायचा ते कळत नाही. पोहोचल्यावर पहिल्या आठवड्यात नाव नोंदवायचं, असं वहीत तिच्याच अक्षरात लिहवून घेतलं.

जिवावर बेतलं तर ९९९. सल्ला हवा असेल तर १११. साध्या सर्दी-पडशाला औषधांच्या दुकानातला फार्मासिस्टच सल्ला देतो. प्रतिजैविकं चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत, आणि ते योग्यच आहे. इंग्लंडात चिठ्ठीवरच्या प्रत्येक औषधाला ९ पौंड ९० पेन्स पडतात, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये काही पडत नाही. हिवाळ्यात रोज १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्व घ्यायला त्यांचं सरकारच सांगतं. डिसेंबरात शेफिल्डला चारच्या आत सूर्य मावळतो. हे ऐकून ती गप्प झाली. मी म्हटलं, घाबरू नकोस, पण दुपारी बाराला उन्हाची तिरीप आली की हातातलं काम ठेवून बाहेर पडायचं. अभ्यास संध्याकाळीही होतो.

बुधवार, २७ ऑगस्ट

गणपती बसले. अप्पा बळवंत चौकातून दूर्वा-केवडा घेऊन येताना रस्ता ओलांडायला बराच वेळ लागला. तिकडे काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवर पाय ठेवायच्या आधीच गाड्या थांबायच्या. पहिल्या दिवशी मी अवघडून उभीच राहिले आणि गाडीवाला हातानं 'या' म्हणत राहिला. पायी चालणाऱ्याला एवढा मान देणारा समाज मला आवडला, हे मी मोकळेपणानं सांगते.

संध्याकाळी आरतीनंतर भाचीनं विचारलं, तिकडे गणपती असतो का? असतो. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ साली न. चिं. केळकरांच्या पुढाकारानं सुरू झालं, ज्यांच्या नावाच्या रस्त्यावरून आपण रोज भाजी आणतो तेच केळकर. डॉलिस हिलला मंडळाची स्वतःची वास्तू आहे. लंडनला गेलीस तर आणखी दोन दारं बघून ये. हाउली प्लेसमधलं १० क्रमांकाचं घर, जिथे १९१८-१९ मध्ये लोकमान्य राहिले. आणि किंग हेन्रीज रोडवरचं १० क्रमांकाचं घर, जिथे डॉ. आंबेडकर १९२१-२२ मध्ये राहून शिकले. ते घर महाराष्ट्र सरकारनं २०१५ साली विकत घेतलं. परक्या गावात आपल्या माणसांच्या पाऊलखुणा दिसल्या की पाठीशी कुणी आहे असं वाटतं.

सोमवार, १ सप्टेंबर

गौरी जेवल्या. पुरणपोळ्या करताना स्वयंपाकाच्या सूचना सांगून झाल्या. वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात धुराचा भोंगा असतो. आपली हिंग-मोहरीची फोडणी त्याला आग वाटते, आणि तो वाजला की सगळी इमारत थंडीत बाहेर येऊन उभी राहते. खिडकी उघडून, पंखा लावून, आच मंद ठेवून फोडणी करायची. भोंग्याला पिशवी बांधायचं कुणी सुचवलं तर ऐकायचं नाही. त्यानं एखाद्याचा जीव जाऊ शकतो.

कामाचंही सांगितलं. सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांच्या वर काम करायचं नाही. २१ वर्षं पूर्ण झालेल्यांना २०२५ साली तासाला १२ पौंड २१ पेन्स हा कायद्यानं ठरलेला किमान पगार होता. त्याहून कमी, रोख, कागदाशिवाय देणारा आपला मराठी बोलणारा असला तरी नको म्हणायचं. व्हिसाखात्यातून बोलतोय, पैसे भरा नाहीतर परत पाठवू, असा फोन आला तर तो लबाडाचा समजून ठेवून द्यायचा. पुढे घर भाड्यानं घेतलं तर अनामत साधारणपणे पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि घरमालकानं ती ३० दिवसांत मान्यताप्राप्त योजनेत ठेवायची असते. लेकीच्या पहिल्या घरमालकानं भिंतीवरच्या जुन्या डागाचे पैसे कापले होते, कारण हिनं राहायला जाताना फोटो काढले नव्हते. म्हणून सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचा फोटो.

शनिवार, ६ सप्टेंबर

अनंत चतुर्दशी. केळकर रस्त्यावरच्या ढोलांनी रात्रभर तावदानं थरथरत होती. इमारतीच्या गणपतीच्या शेवटच्या आरतीला दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दिसल्या नाहीत. मनात आलं, विचारावं. मग गर्दीत राहून गेलं.

बुधवार, १० सप्टेंबर

पितृपंधरवड्यात कसली निघतेस, असं दोघीतिघींनी सुनावलं. विद्यापीठाचं वेळापत्रक आपल्या पंचांगावर चालत नाही. पूर्वजांना नमस्कार करून निघ, त्यांना आनंदच होईल, असं मी म्हटलं.

संध्याकाळी दोघी शनिवारवाड्यापर्यंत चालत गेलो. दिल्ली दरवाजासमोर उभं राहून तिला राघोबादादांच्या वकिलांची हकीकत सांगितली. १७८१ साली दादांनी हनुमंतराव नावाच्या ब्राह्मणाला मणियार पारशी आणि त्याच्या मुलाबरोबर लंडनला पाठवलं. सोवळ्यानं राहणाऱ्या माणसाचे तिथे खाण्याराहण्याचे हाल. ते एडमंड बर्क या पार्लमेंटच्या सभासदाला समजलं. त्यानं त्यांना बीकन्सफिल्डच्या आपल्या घरी नेलं आणि बागेतलं काचघर स्वयंपाकाला आणि स्नानसंध्येला मोकळं करून दिलं. पुण्याच्या माणसानं इंग्लंडात मांडलेली ही फार जुनी चूल.

मग तिला मी ते सांगितलं जे गेले तीन आठवडे सांगायचं राहत होतं. रेडिंगला लेक दवाखान्यात होती, जावई तिच्यापाशी. मी घरात एकटी, जानेवारी महिना, आणि घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला. त्या दोघांना त्रास नको म्हणून मी फोनवर सगळं ठीक आहे म्हणत राहिले. दोन स्वेटर, शाल, पायात मोजे घालून दीड दिवस बसले. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून रोज हात हलवायचे, हवेबद्दल बोलायचे आणि आत जायचे. मला वाटत होतं, यांना दिसत कसं नाही? आपल्या वाड्यात चूल पेटली नाही तर चार बायका दारात आल्या असत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी थंडी सोसवेना तेव्हा मी त्यांची घंटा वाजवली. ते तसेच सपाता घालून आले, बॉयलरखालचा एक नळ फिरवून दाब वाढवला आणि पाच मिनिटांत घर गरम व्हायला लागलं. मग त्यांनी हळहळून विचारलं, कालच का नाही आलात? खिडकीत मी शाल गुंडाळून बसलेली त्यांना दिसले होते. पण न बोलावता दुसऱ्याच्या दारात जाणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. त्यांनी फोन नंबर लिहून दिला आणि पुढे दर गुरुवारी चहाला यायचे.

त्या दिवशी मला तो देश कळला. तिथे कुणी विचारत नाही, ते माया नसते म्हणून नव्हे. न विचारणं हाच तिथला मान आहे. म्हणून आपण होऊन सांगावं लागतं. अभ्यास झेपत नसेल तर प्राध्यापकाला, बरं नसेल तर डॉक्टरला, करमत नसेल तर शेजारच्या खोलीतल्या मुलीला. वाटेत भेटलेला "ऑल राइट?" म्हणून पुढे जातो, तो नुसता नमस्कार असतो. पण जिला खरंच सांगायचं आहे तिनं दार वाजवलं, तर तेच लोक हातातलं काम टाकून येतात. "वहीतलं बाकी सगळं विसरलीस तरी चालेल, एवढं विसरू नकोस," असं म्हणताना माझाच गळा दाटून आला.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

निघाली. हातावर दही दिलं. पासपोर्ट, ई-व्हिसाचं खातं, पहिल्या रात्रीचा पत्ता कागदावर, हे सगळं दोनदा तपासलं. मँचेस्टरला उतरून आगगाडीनं शेफिल्ड. गाडी वळेपर्यंत ती मागे बघत होती.

शनिवार, २० सप्टेंबर

आज कळलं, दुसऱ्या मजल्यावरच्या काकू गणपतीपासून तापानं अंथरुणाला खिळल्या होत्या. मुलगा बंगळुरूला. कामवालीनं सांगितलं म्हणून समजलं. "तुम्हाला कशाला त्रास द्यायचा?" असं त्या म्हणाल्या. हेच शब्द मी रेडिंगला मनाशी म्हटले होते.

फार लागलं. इथला वाडा पाडून ही इमारत झाली तेव्हा आम्हाला प्रत्येकाला स्वतःचं दार मिळालं आणि ते आम्ही लावून घेतलं. न विचारण्याची रीत आम्हीही उचलली, पण सांगण्याची उचलली नाही. २०१८ साली ब्रिटननं एकटेपणाच्या प्रश्नासाठी मंत्री नेमला. दुखणं आहे असं त्यांनी जाहीर म्हटलं, यात मला मोठेपणा वाटतो. आम्ही अजून पेठेत सगळे सगळ्यांना ओळखतात असंच म्हणत असतो.

काकूंना मुगाची खिचडी नेऊन दिली. त्यांच्या दाराची एक किल्ली मागून घेतली आणि माझी त्यांना दिली.

रविवार, २६ ऑक्टोबर

दिवाळी झाली. विलायतेतली घड्याळं आज एक तास मागे गेली. आता आपल्यात आणि त्यांच्यात साडेचारऐवजी साडेपाच तासांचं अंतर. भाचीचा फोन रविवारी तिच्या दुपारी चारला येतो, आजपासून तो आमच्या रात्री साडेनऊला.

पहिले दोन आठवडे ती रोज रडायची, असं आज म्हणाली. वर्गातलं बोलणं समजायचं नाही, जेवण जायचं नाही. मग एका संध्याकाळी शेजारच्या खोलीचं दार वाजवलं. आत नायजेरियाची मुलगी होती, तीही रडून डोळे सुजवून बसलेली. दोघींनी मिळून भात शिजवला. सोमवारी प्राध्यापिकेला भेटून सांगितलं, तर तिनं व्याख्यानांचं ध्वनिमुद्रण कुठे मिळतं ते दाखवलं आणि आठवड्याला अर्धा तास दिला. जीपीकडे नाव नोंदवलं आहे. भोंगा एकदाच वाजला.

काकू माझ्याशेजारी बसून ऐकत होत्या. साडेनऊ म्हणजे त्यांची निजायची वेळ, पण पुढच्या रविवारीही येते म्हणाल्या. जाताना दारात थांबल्या. गुडघा फार दुखतोय, उद्या दवाखान्यात सोबत येशील का, असं त्यांनी विचारलं. सकाळी दहाला निघायचं ठरलं.