भुवया



गेल्या महिन्यात मंदिरातून येताना दोघी-तिघी आमच्या घरी डोकावल्या. सासूबाई पलंगावर बसल्या होत्या आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ. एकीने हळूच विचारलं, "कुणाचं गं? कधी झालं?" मी म्हटलं, "बाहुली आहे." तिला आधी हसू आलं, मग तिचा चेहरा उतरला. त्या दिवशी सगळं सांगायला जमलं नाही, म्हणून आज लिहिते.

आमच्या आई ८४ वर्षांच्या. तीन वर्षांपासून विसरभोळेपणा वाढत गेला. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला. दिवसा त्या बऱ्या असतात, जपमाळ हातात असते, णमोकार मंत्र एक अक्षरही न चुकता म्हणतात. पण दिवेलागणीला त्यांची घालमेल सुरू होते. आपल्याकडे सूर्यास्ताआधी जेवणं आटोपतात, त्यामुळे संध्याकाळ मोकळी आणि लांब. आई खोल्याखोल्यांतून फिरतात. "बाळ कुठंय? त्याची दुधाची वेळ झाली." सुरुवातीला मी सांगायचे, "अहो आई, तुमची बाळं आता साठीला आली." त्या ऐकून घ्यायच्या आणि पाच मिनिटांनी पुन्हा शोधायला लागायच्या. एकदा तर फाटकाबाहेर गेल्या.

दोन वर्षांपूर्वी मी लेकीकडे अमेरिकेत चार महिने होते. तिच्या शेजारच्या आजी हुबेहूब तान्ह्या बाळांसारख्या बाहुल्या बनवायच्या. तिकडे त्यांना 'रिबॉर्न' म्हणतात. डोकं आणि हातपाय व्हिनाइलचे, कोरे मिळतात. त्यांवर रंगाचे पातळ थर द्यायचे, अंग कापडाचं शिवायचं आणि वजनासाठी आत काचेचे बारीक मणी भरायचे. आजींनी सांगितलं की त्यांच्या काही बाहुल्या वृद्धाश्रमात जातात, विसरभोळ्या आजीआजोबांसाठी. तेव्हा मी वेळ घालवायला शिकले. घरी आल्यावर आईंना शोधताना पाहिलं आणि तेच आठवलं. दिवाळीला लेक आली तेव्हा तिच्याकडून एक कोरा संच आणि रंग मागवले.

आमच्या 'ह्यांना' पटलं नाही. "आईला खेळणं देऊन फसवायचं?" मलाही तो प्रश्न होताच. सत्याचं अणुव्रत घेतलंय आपण. आजारी माणसाशी खोटं बोललं तरी ते खोटंच ना? डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "बाळ आहे असंही सांगू नका, बाहुली आहे असंही नाही. नुसतं जवळ ठेवा. त्या काय म्हणतात ते ऐका आणि त्यांना नको असेल तर उचलून ठेवा." हे मला झेपण्यासारखं होतं.

मग कामाला लागले. त्वचेचे थर बरे जमले. गालाची लाली, कपाळावरची निळसर शीर, नखांच्या कडा. अडले ते भुवयांशी. बाळाचे डोळे मिटलेले होते, त्यामुळे चेहऱ्यावरचा सगळा भाव भुवयांवरच. त्या चुकल्या की बाळ एकदम चाळिशीचं दिसतं.

आधी ब्रशचाच पेच. केसासारखी रेघ काढायला सगळे कोलिन्स्की ब्रश घ्या म्हणतात. तो सायबेरियातल्या विझल नावाच्या लहानशा प्राण्याच्या शेपटीच्या केसांचा असतो. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश चोरून विकले जातात, त्याला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आहे. एका बाळाच्या भुवईसाठी दुसरा जीव? मी नायलॉनचा बारीक ब्रश घेतला. रंग थोडा कमी धरतो, दर दोन रेघांनी बुडवावा लागतो, पण काम होतं. डोक्यावर शेळीचे केस, म्हणजे मोहेअर, रोवतात, तेही टाळलं आणि जावळ रंगानेच काढलं.

पहिल्या भुवया मी आपल्या घरातल्या माणसांच्या काढल्या. काळ्याभोर, दाट, कमानदार. एकेक केस मन लावून काढला आणि ओव्हनमध्ये पक्का केला. हा रंग उष्णतेनेच सुकतो, साधारण १३० अंश सेल्सिअसला आठ-दहा मिनिटं. त्याआधी कितीही वेळा पुसता येतो, एकदा भाजला की बसला. (स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये हे कधीही करू नका. वाफ पोटात जायची नाही. मी गच्चीवर वेगळा छोटा ओव्हन ठेवलाय.)

बाहुली पलंगावर ठेवली. आई आल्या, वाकून पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या. "हे कोण? रागावलंय माझ्यावर." त्या संध्याकाळी त्या नेहमीपेक्षा जास्त फिरल्या. मी बाहुली कपाटात टाकली आणि आठ दिवस काढली नाही.

मग भाचीचं दीड महिन्याचं बाळ घरी आलं. ते झोपलं असताना मी चष्मा लावून त्याच्या भुवया पाहत बसले. भाची हसायला लागली. काय दिसलं सांगू? भुवया जवळजवळ नव्हत्याच! खाली त्वचेवर नुसती हलकी सावली. नाकाकडच्या टोकाला चार-सहा केस सरळ वर उभे. पुढे ते कानाकडे कललेले. शेवटाला वरचे केस खाली येतात, खालचे वर जातात आणि मधे एका रेषेत भेटतात. रंग काळा मुळीच नाही, तपकिरी. आणि डावी-उजवी सारखी नाही.

तसं केलं. ॲसिटोनने जुन्या भुवया पुसल्या, एक दुपार त्यातच गेली. रंग इतका पातळ केला की कागदावर धड दिसेना. आधी सावलीचा थर, भाजला. मग थोडे केस, भाजले. पुन्हा थोडे. रेघ मुळाशी टेकवायची आणि ब्रश उचलत न्यायचा, म्हणजे टोक आपोआप निमुळतं होतं. मधूनमधून डोकं उलटं धरून बघायचं, चूक लगेच कळते. 'अजून दोन रेघा' असं वाटलं की हात धुवून उठायचं, हा नियम मी स्वतःला घातला. शेवटी चकाकी मारायला मॅट वॉर्निश दिलं. दोन भुवयांना अकरा दिवस लागले. वजनही कमी केलं, सव्वा किलोच. आईंच्या मनगटांना जास्त पेलत नाही.

संध्याकाळी पुन्हा पलंगावर ठेवलं. मी काही बोलले नाही. आई आल्या. बराच वेळ पाहिलं. मग बसल्या आणि दुपट्यासकट मांडीवर घेतलं. मान सावरायला हात बरोबर मानेखाली गेला. कुणी शिकवायची गरजच नव्हती.

मग त्यांनी बाळाच्या भुवईवरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे रागाने पाहिलं. "अगं, भुवया कोरल्या नाहीस अजून? काजळाची डबी आण."

मी आणली. आईंनी करंगळी बुडवली. त्यांचा हात एरवी चमच्यालाही थरथरतो. त्या हाताने त्यांनी माझ्या अकरा दिवसांच्या भुवयांवर दोन काळ्याभोर कमानी ओढल्या आणि गालाला तीट लावली. म्हणाल्या, "आता कसं बाळ दिसतंय!"

'हे' दारात उभे होते. मला वाटलं, काहीतरी बोलतील. ते आत आले, आईंच्या पायाशी खाली बसले आणि विचारलं, "माझ्याही भुवया अशाच कोरायचीस का गं?" आई म्हणाल्या, "तुला तर खपायचंच नाही. सगळं पुसून टाकायचास." पुत्राला त्यांनी ओळखलं होतं की नाही, कुणास ठाऊक. त्यांनी विचारलं नाही, मीही नाही.

तेव्हापासून रोजचा क्रम ठरलाय. रात्री आई झोपल्या की मी ओल्या फडक्याने काजळ पुसते, खालचे माझे केस तसेच असतात. संध्याकाळी आई पुन्हा कोरतात. फिरणं थांबलंय असं नाही, पण कमी झालंय. काही दिवशी त्या बाळाकडे बघतही नाहीत, मग मी उचलून ठेवते. एकदा मात्र स्पष्ट म्हणाल्या, "ही बाहुली आहे ना गं?" मी "हो" म्हटलं. त्या म्हणाल्या, "छान आहे. राहू दे." आणि थोपटत राहिल्या.

तुमच्या घरी अशी कुणी आजी संध्याकाळी दारं उघडत फिरत असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, सगळ्यांना हे मानवतंच असं नाही. आणि बाहुली केलीतच, तर भुवया फिक्या ठेवा. वरून कोरायला त्यांना जागा राहते.

जय जिनेंद्र.