पाण्याखालचे थांबे

बदलापूरहून मुंबईकडे जाणाऱ्या धीम्या गाडीतला प्रत्येक थांबा आपल्याला डाचतो. समुद्रात खोलवरून वर येणाऱ्या पाणबुड्याने मात्र असा एखादा थांबा चुकवला, तर जिवावर बेतू शकते. दर दहा मीटर खोलीला दाब एका वातावरणाने वाढतो. चाळीस मीटरवर तो पृष्ठभागाच्या पाचपट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात विरघळत जातो. घाईने वर आले की सोड्याची बाटली एकदम उघडावी तसे त्याचे बुडबुडे शरीरातच उठतात. सांधे ठणकतात, कधी पाय कायमचे लुळे पडतात. ठरावीक खोलीवर थांबत थांबत वर येण्याची कोष्टके जॉन हाल्डेन यांनी १९०८ साली प्रसिद्ध केली. त्यासाठीचे प्रयोग बिचाऱ्या बकऱ्यांनी सोसले.

मी उतरलो ते मालवणला, सिंधुदुर्गाच्या आडोशाच्या उथळ पाण्यात. तेथे अशा थांब्यांची गरज नसते. तरीही, वाचकहो, पहिल्या काही हातांतच कान दुखू लागतात; नाक चिमटीत धरून हवा रेटली की आत बारीकसा आवाज होतो आणि दुखणे सरते. मनगटावरचा लाल दोरा हळूहळू मळकट तपकिरी दिसू लागतो, कारण पाण्यात लाल रंग सर्वांआधी विझतो. श्वास रोखायचा नाही, ही एकच आज्ञा. ती पाळणे वाटते त्यापेक्षा फार कठीण आहे.

आडोशाचे पाणी म्हटले की मला विजयदुर्ग अधिक खुणावतो. वाघोटण खाडीच्या मुखाशी असलेल्या या किल्ल्याजवळ पाण्याखाली दगडी भिंत असल्याचे सांगतात. शत्रूची गलबते तिच्यावर आपटून फुटत, अशी लोककथा आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्यांनी तिची पाहणी केली आहे. हे काम कसे चालत असेल, याची आपण कल्पना करावी. पाणी गढूळ, पाठीवरच्या नळकांड्यातली हवा मोजकी. गाळ उडू न देता दगडांची रांग सरळ आहे का, सांध्यांत मुद्दाम बसवलेल्या चिपा आहेत का, हे हातांनी चाचपायचे. लोककथेला पुरावा मिळायचा तर तो असाच, बोटांच्या टोकांनी.

आणखी एक गंमत. फार खोल जाणारे पाणबुडे नायट्रोजनची गुंगी टाळण्यासाठी श्वासाच्या मिश्रणात हेलियम घेतात. त्याच हेलियमचा शोध विजयदुर्गावरून लागला, असे तेथे अभिमानाने सांगतात आणि १८ ऑगस्टला त्याचा दिवसही साजरा करतात. १८६८ सालच्या त्या दिवशी खग्रास सूर्यग्रहण होते खरे. पण जान्सेन ते गुंटूरहून पाहत होते आणि लॉकियर इंग्लंडमध्ये होते. भिंतीची कथा मला अजून खोटी म्हणवत नाही. हेलियमची मात्र सोडून द्यावी लागते.