पालाचा पत्ता

वसती म्हणजे घरांचा समूह, अशी समजूत आम्ही बाळपणापासून बाळगून होतो. मिरकरवाड्याशी थोडाफार परिचय झाल्यापासून ती आम्हांस अपुरी वाटू लागली आहे. रत्नदुर्गाच्या आडोशास वसलेल्या या वाड्यात घरे आहेत, परंतु त्याचा खरा जीव बंदरावर आहे. मूळचे मच्छीमार, त्यांत मुसलमान कुटुंबे पुष्कळ. नौकांवर नेपाळातून आलेले खलाशी. आणि शहरातील रस्त्यांच्या व इमारतींच्या कामावर विजापुराकडचे लमाणी मजूर. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद राहते. तेव्हा दूरदेशचे खलाशी निघून जातात आणि पुढे परत येतात. ये-जा हाच जेथील व्यवहार, तेथे फिरस्त्या माणसास जागा सहज मिळत असेल, असे वाचकांस वाटेल. कामापुरती ती मिळतेही. प्रश्न आहे तो त्यापुढचा.

मागे एकदा बंदराच्या वाटेवर एका घिसाड्याचे पाल आमच्या दृष्टीस पडले. बाई भाता चालवीत होती, म्हातारा कोयतीस पाणी देत होता, आणि एक कोळीण आपली विळी घेऊन घासाघीस करीत बसली होती. त्या घासाघिशीत ओळखीचा सूर होता. हे कुटुंब दरवर्षी येते, असे तिनेच आम्हांस सांगितले. पोरे शाळेत जातात काय, असे आम्ही विचारले. म्हातारा हसून म्हणाला, "साळंत गाव इचारत्यात, सायेब. कंचं सांगू? जल्म एकीकडं, लगीन एकीकडं, बाप गेला तिसरीकडं." आमच्याजवळ उत्तर नव्हते. विळीचे पैसे ठरले, आणि ती बाई उठून गेली.

हा प्रश्न शाळेपुरता असता तर एक वेळ निभावले असते. विमुक्त व भटक्या जमातींच्या सवलतींसाठी जातीचा दाखला लागतो, आणि त्यासाठी आपले वाडवडील 21 नोव्हेंबर 1961 पूर्वी महाराष्ट्रात राहत होते, हे दाखवावे लागते. ज्याच्या आजाने जन्मभर गाढवाच्या पाठीवर संसार लादून गावे पालथी घातली, त्याने कोणत्या दप्तरातून हा पुरावा काढावा? याच देशाचा इतिहास आणखी विलक्षण आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने कित्येक जमातींस जन्मतःच चोर ठरविले. सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड त्यांची वसाहत होती, आणि हजेरी दिल्यावाचून हलण्याची मोकळीक नव्हती. तो कायदा 31 ऑगस्ट 1952 रोजी रद्द झाला. कुंपण उठले, संशय मात्र तसाच राहिला.

हा संशय किती भयंकर असतो, ते 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे दिसले. सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना, मुले पळविणारे समजून, जमावाने ठार मारले. युरोपातील रोमा लोकांवर हाच आळ शतकानुशतके घेतला गेला आहे. हे रोमा मूळचे आपल्याच देशातले. सुमारे हजार वर्षांपूर्वी त्यांचे पूर्वज पश्चिमेकडे गेले, आणि पाणी, नाक, कान हे शब्द त्यांच्या भाषेत आजही ओळखू येतात. इतक्या दूरच्या दोन ठिकाणी एकच खोटा आळ यावा, याचे कारण भटक्यांच्या स्वभावात नसून आपल्या अपरिचयात आहे. ज्याचे नाव ठाऊक आहे, ज्याच्याशी विळीच्या दरावरून आपण भांडलो आहो, त्यास मुले पळविणारा म्हणण्यास जीभ धजत नाही.

रत्नागिरीस या बाबतीत अभिमानाचा वारसा आहे. भागोजीशेठ कीर यांनी बांधलेले पतितपावन मंदिर 1931 साली सर्व जातींस खुले झाले. परंतु दार उघडणे उपयोगी पडते ते दारापर्यंत पोचलेल्यास. पालातल्या माणसास अद्याप आळीतच कोणी मोजलेले नाही. नळ कोठे बसावा, कचरा कोठे पडावा, पाले कोठे उतरावीत, याचा विचार होतो तेव्हा त्यास कोणी बोलावीत नाही. निर्णय झाल्यावर उठविण्यास मात्र माणसे जातात. 2025 च्या जानेवारीत मिरकरवाडा बंदराच्या जागेतील अतिक्रमणे पाडण्यात आली. जमिनीवरील आपला हक्क कागदावाचून किती पातळ असतो, याचा अनुभव तेव्हा स्थिरावलेल्या लोकांसही आला. पालवाल्यास तो प्रत्येक मुक्कामी येतो.

उपाय अगदीच अज्ञात आहे, असे नव्हे. बेघर माणसाचे नाव मतदारयादीत घालताना निवडणूक आयोग त्याच्यापाशी घराचा कागद मागत नाही. तो सांगतो त्या जागी खरोखर निजतो काय, हे अधिकाऱ्याने रात्री जाऊन पाहावयाचे असते. मतासाठी निजण्याची जागा पत्ता म्हणून चालते. मग शाळेसाठी, शिधापत्रिकेसाठी, दाखल्यासाठी शेजाऱ्यांची साक्ष का चालू नये? दरवर्षी विळी लावून घेणारी ती कोळीण कोणत्याही दप्तराहून अधिक खात्रीने सांगेल की, ही माणसे येथली आहेत.

मात्र अशी साक्ष द्यावयाची तर शेजार मानावा लागतो, आणि येथे सुशिक्षितांची कसोटी आहे. जुना सदरा व उरलेली भाकरी देणे आम्हां पांढरपेशांस सोपे वाटते, कारण त्यात देणारा वर राहतो. त्याच माणसास आळीच्या बैठकीत सतरंजीवर आपल्या शेजारी बसवून "बाबा, तुमचे काय म्हणणे?" असे विचारणे जड जाते, तो आपल्याविरुद्धही बोलेल, ही भीती असते. बोलू द्यावे. पावसाळ्यात पाले कोठे उभी राहतील आणि पोरांचे नाव कोणत्या शाळेत लागेल, हे त्याच्याइतके कोणास ठाऊक असणार? दया एका दिवसात संपते. शेजार दरवर्षी पाळावा लागतो. मिरकरवाड्यासारख्या बंदरास तो पाळता येणार नाही, असे आम्हांस वाटत नाही. जाणाऱ्या होडीची वाट पाहण्याची सवय तेथे पिढ्यान्पिढ्यांची आहे.