५० टनांचा हिशेब

मे महिन्यात हथखोजला दुपारी घराबाहेर पडायची सोय नसते. भिलाईचा हा अवजड कारखान्यांचा भाग. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फॅब्रिकेशनच्या शेड, दारात लोखंडी प्लेटा आणि चॅनेलचे ढीग, आणि दिवसभर ग्राइंडरचा आवाज. माझे बाबा अशाच एका शेडमध्ये रिगर आहेत. जड माल क्रेनला नीट बांधून उचलायचा आणि सांगितलेल्या जागी उतरवायचा, हे त्यांचं काम. आमचं मूळ गाव भंडारा जिल्ह्यात आहे. घरात मराठी आणि गल्लीत हिंदी, असं आमचं चालतं.

यंदा सुट्टीवर गेलो तेव्हा माझं मन थाऱ्यावर नव्हतं. जानेवारीत आपल्या शाळेत सेक्शन-दौड झाली होती. अंतर ५ किलोमीटर, पाठीवर पिठ्ठू, सेक्शनमध्ये ८ कॅडेट, आणि वेळ धरायची ती शेवटच्या कॅडेटची. मी सेक्शन कमांडर होतो. सामानाची वाटणी मीच केली. 'मला पुढे राहून वेग द्यायचा आहे' असं म्हणून स्वतःचा पिठ्ठू हलका ठेवला. दोर, प्रथमोपचार पेटी आणि पाण्याचा कॅन मागच्यांना दिला. कॅन सर्वांत लहान कॅडेटकडे गेला. त्याने काही तक्रार केली नाही. मी पहिला पोहोचलो आणि दम खात अभिमानाने उभा राहिलो. उस्ताद जवळ आले आणि त्यांनी एवढंच विचारलं, "सेक्शन कहाँ है?"

मी मागे वळून पाहिलं. रस्ता रिकामा होता. तो लहान कॅडेट माझ्यानंतर ११ मिनिटांनी आला, कॅनसकट. आमचा नंबर शेवटचा लागला. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतंच बोलत होता.

सुट्टीत काकांच्या मुलाच्या, म्हणजे दादाच्या, संगणकावर एक खेळ पाहिला. 'मेकवॉरियर ऑनलाइन' हे त्याचं नाव. कॅनडाच्या पिरान्हा गेम्स या कंपनीने तो २०१३ साली बाजारात आणला. त्याचं मूळ मात्र १९८४ सालच्या 'बॅटलटेक' या पटावरच्या खेळात आहे. माणसाने आत बसून चालवायचे दोन पायांचे लढाऊ रोबो, एका बाजूला १२ आणि समोर १२. वजनाप्रमाणे त्यांचे चार गट आहेत. २० ते ३५ टन हलके, ४० ते ५५ मध्यम, ६० ते ७५ जड आणि ८० ते १०० टन अतिजड. दादा १०० टनी 'ॲटलास' चालवतो. मी मध्यम गटातला ५० टनी 'हंचबॅक' घेतला. कारण सरळ होतं. त्याच्या उजव्या खांद्यावर मोठं कुबड असतं आणि त्या कुबडात एक जबरदस्त तोफ असते.

मूळ हंचबॅकमध्ये ५० टन कुठे जातात, ते मी वहीत लिहून काढलं. सांगाडा ५ टन. इंजिन, जायरो आणि चालकाची कोठडी मिळून साडेतेरा. चिलखत १०. तोफ १४, तिचा दारूगोळा २. दोन मध्यम लेसर २, एक लहान लेसर अर्धा. इंजिनाबरोबर येणारे हीट सिंक सोडून आणखी ३ हीट सिंक, त्यांचे ३ टन. बेरीज बरोबर ५०. एक किलोसुद्धा शिल्लक नाही. म्हणजे काहीही वाढवायचं तर दुसरं काहीतरी काढावंच लागतं.

मला वेग हवा होता आणि गोळेही जास्त हवे होते. मूळ इंजिनावर हा रोबो ताशी सुमारे ६५ किलोमीटर धावतो. मी एक्सएल जातीचं मोठं इंजिन घातलं; त्याच्यासोबत ती मोठी तोफ मावेना, म्हणून तिच्या जागी लहान तोफ बसवली. वेग ८१ झाला, आणि एक्सएल वजनाला निम्मं असल्यामुळे वर २ टन वाचले. पायांवरचं आणि पाठीवरचं चिलखत काढून आणखी २ टन मिळवले. वाचलेल्या सगळ्या टनांत गोळे भरले. दादा म्हणाला, "बघ हं, पस्तावशील." मी ऐकलं नाही.

पहिल्याच सामन्यात सर्वांच्या पुढे धावत गेलो आणि दोन मिनिटांत संपलो. दुसऱ्यात तेच, तिसऱ्यातही तेच. कारण दादाने समजावून सांगितलं. एक्सएल इंजिन हलकं असतं, पण ते छातीच्या मधल्या भागात मावत नाही. ते दोन्ही बाजूंच्या भागांत पसरतं. त्यामुळे कुठलीही एक बाजू फुटली की इंजिन गेलं, म्हणजे रोबो गेला. हंचबॅकचं उजवं कुबड तर लांबूनच दिसतं. शत्रू तिथेच नेम धरतो. शिवाय माझी शस्त्रं खरा मारा करतात तो जवळूनच. तिथपर्यंत एकट्याने पोहोचायचं म्हणजे सगळ्यांच्या गोळ्या अंगावर घ्यायच्या.

संध्याकाळी मी वही घेऊन बसलो होतो. बाबा कामावरून आले, हातपाय धुतले आणि शेजारी टेकले.

"काय करून राहिला बे?"

"वजन बसवतोय, बाबा. ५० टनांत."

त्यांना खेळात रस नाही, पण टन म्हटलं की त्यांचं लक्ष जातं. त्यांनी वही घेऊन ओळीवर बोट ठेवत सगळं वाचलं. मग म्हणाले, "आमच्या क्रेनच्या गर्डरवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असते, ५ टन. पोरं फक्त माल मोजतात. हूकखालचा बीम, शॅकल, साखळी कोणी मोजत नाही. ते पण वजनच आहे नं? आणि सिलिंग तुटलं की खाली दुसराच कोणी उभा असते." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "हा तुझा गडी एकटाच लढते का?"

"नाही. १२ जण असतात."

"मंग त्या बाराच्या हिशेबानं भर नं. आपल्या एकट्याच्या कायले?"

ते जेवायला उठून गेले. मी बराच वेळ वहीकडे पाहत बसलो. जानेवारीतली माझी वाटणी मला त्या पानावर दिसत होती. माझा पिठ्ठू हलका झाला म्हणजे वजन नाहीसं झालं नव्हतं. ते फक्त दुसऱ्याच्या पाठीवर गेलं होतं.

मग मी रोबो नव्याने भरला. मूळची मोठी तोफ परत बसवली आणि साधं इंजिन घातलं, पण मोठं. वेग ८१ कायम राहिला, वजन मात्र मूळ इंजिनापेक्षा ४ टन वाढलं. ते ४ टन कुठून आणायचे? सांगाडा एंडो-स्टीलचा केला. तो जागा जास्त खातो, पण अडीच टन वाचवतो. लहान लेसर काढला, अर्धा टन. एक हीट सिंक काढला, एक टन. झाले ४. चिलखत पूर्वीसारखं १० टन ठेवलं. गोळे दोनच टन राहिले, म्हणून नेम धरूनच मारायचं ठरवलं. हीट सिंक कमी म्हणजे यंत्र लवकर तापणार आणि फार तापलं तर भर लढाईत बंद पडणार. म्हणून लेसर थांबून थांबून वापरायचे. आता उजवी बाजू फुटली तर तोफ जाईल, पण उरलेल्या लेसरवर उभं राहता येईल.

जागाही बदलली. मध्यम रोबो हलक्याइतका पळू शकत नाही आणि अतिजडासारखा मार खाऊ शकत नाही. पण तो अतिजडाच्या बाजूने चालू शकतो. ॲटलास फार हळू वळतो, आणि शत्रूचे हलके रोबो त्याच्या पाठीला लागतात. त्यांना हुसकावणं हे माझं काम झालं. माझ्या नावावर बळी थोडे लागले, पण दादा शेवटपर्यंत उभा राहू लागला.

कोणतं यंत्र चांगलं, हा प्रश्न एकटा विचारून भागत नाही. कोणत्या कामासाठी, हेही विचारावं लागतं. १ नोव्हेंबर १९४८ रोजी जनरल थिमय्यांनी ११ हजार फुटांहून उंच असलेल्या झोजिलावर ७ लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे नेले. त्या काळीसुद्धा ते हलकेच समजले जात. पण त्या उंचीवर रणगाडा येईल असं शत्रूच्या मनातही नव्हतं. त्यांच्यासाठी मद्रास सॅपर्सनी आधी रस्ता तयार केला होता. वर्गात हे मी अनेकदा ऐकलं होतं. रणगाडे लक्षात राहिले होते, सॅपर्स राहिले नव्हते.

जूनमध्ये शाळेत परतल्यावर मेसच्या रांगेत मी त्या कॅडेटला गाठलं. "त्या दिवशी कॅन माझ्याकडे असायला हवा होता. माझी चूक झाली," असं म्हणालो. तो "यस सर" म्हणाला आणि ताट घेऊन पुढे गेला. तो अजून रागावला आहे की नाही, ते कळलं नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा दौड झाली. या वेळी वाटणी सगळ्यांनी मिळून केली आणि कॅन मी घेतला. वेग धरायला दुसऱ्याला पुढे ठेवलं आणि मी सातव्या जागी, शेवटच्याच्या पुढे धावलो. चौथ्या किलोमीटरला चढावर माझी गती पडली. खांद्यात कळ येत होती. मागून तोच कॅडेट बाजूला आला आणि म्हणाला, "सर, कॅन अदलाबदल करू या. पुढच्या खांबापर्यंत मी घेतो."

आम्ही तिसरे आलो. उस्तादांनी घड्याळ पाहिलं, मग आठ डोकी मोजली आणि मान हलवली. या वेळी त्यांनी काही विचारलं नाही.