येझदी, काकू आणि लेकीची सही



आमच्या ह्यांना कॉलेजपासून येझदीचं वेड. लोणी काळभोरला एका काकूंच्या गोठ्यात १९७९ ची येझदी पडून आहे असं कळलं, आणि घरात दुसरा विषय उरला नाही.

ही गाडी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातली. तो कारखाना १९९६ मध्ये बंद पडला. दोन सायलेन्सर, किक आणि गिअर एकाच लिव्हरवर, पेट्रोलमध्ये टू-टी ऑईल मिसळायचं. ह्यांच्या लेखी ती ‘विंटेज’; केंद्राच्या २०२१ च्या नियमात मात्र त्यासाठी ५० वर्षं पूर्ण लागतात.

काका गेल्यापासून गाडी हललेली नव्हती. आमच्या मेकॅनिकनं पाहिली. टाकीत गंज, कार्बोरेटर चिकटलेला, टायर तडकलेले, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं. पण इंजिन जाम नव्हतं, आणि इंजिन-चासीचे नंबर आरसी बुकाशी जुळले. सुटे भाग नाना पेठेत शोधू म्हणाला. काकूंना ४०,००० द्यायचे ठरले, दुरुस्तीलाही साधारण तेवढेच धरले.

आरसी बुक अजून काकांच्याच नावावर होतं. काकूंचा मुलगा म्हणाला, “वहिनी, आई देतेय ना? पैसे द्या, गाडी न्या.” पण मालक गेल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर करावी लागते. आरटीओत त्याचा फॉर्म ३१, सोबत मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांची संमती. मग फॉर्म २९ आणि ३० भरून ती आपल्या नावावर होते. वारसांत बार्शीला दिलेली लेकही होती. तिला कुणी विचारलंच नव्हतं.

न दिलेलं घ्यायचं नाही, हे अचौर्य आपण पाठशाळेपासून ऐकतो. जिचा वाटा आहे तिनं ‘हो’ म्हटलं नाही, तर ती वस्तू दिलेली कशी म्हणायची? हे चिडले, “दुसरा कुणी नेईल.” म्हटलं, नेऊ दे.

शेवटी काकूंनीच लेकीला फोन लावला. ती आधी रडली. वडील तिला याच गाडीवरून शाळेत सोडायचे. सही तिनं दिली, पण एक अट घालून: गाडी सुरू झाली की तिला एक चक्कर मारून आणायची.

आता टाकी मेकॅनिककडे आहे. नोंदणीची मुदतही संपलेली. नूतनीकरणासाठी गाडी आरटीओत तपासायला न्यावी लागेल, म्हणजे आधी ती चालायला हवी.

मैत्रिणींनो, माहेरची एखादी वस्तू विकताना तुम्हाला कुणी विचारलं होतं का? जरूर लिहा.