हाडकीतले रान आणि बांधाचा दगड

दर दिवाळीला गावी जायचे, भाऊबंदांना जयभीम करायचा, बांधावर उभे राहून हाडकीतले रान पाहायचे आणि “औंदा काहीतरी केलेच पाहिजे” असे म्हणून परतीच्या एसटीत बसायचे, हा आमचा वीस वर्षांचा क्रम होता. आम्ही मुंबईत एका कचेरीत कारकून. दिवसभर दुसऱ्यांच्या जमिनींचे कागद हाताळायचे आणि स्वतःच्या जमिनीवर मात्र वेडी बाभूळ वाढू द्यायची!

ही जमीन सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, बावन्न गुंठे. चार घरांची सामाईक. गावकीची कामे करावीत, सांगावे पोचवावेत, मेलेली जनावरे ओढावीत आणि त्या बदल्यात हा तुकडा कसावा, असे ते वतन. या वतनाच्या वेठीतून आपली माणसे सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात बिल आणले. प्रत्यक्षात कनिष्ठ वतने रद्द झाली ती १९५८ च्या कायद्याने. तेव्हा ठराविक रक्कम सरकारात भरून जमीन परत आपल्या नावावर करून घ्यावी लागे. आमच्या थोरल्या आजोबांनी गिरणीत बदली कामगार असताना ती रक्कम मनिऑर्डरीने गावी पाठवली. वडीलही गिरणीतच लागले. १९८२ च्या संपात गिरणी सुटली, वॉचमनची नोकरी धरली, पण गाव काही पुन्हा धरता आला नाही. जमीन पड राहिली. सातबाऱ्याच्या पीकपाहणीतही वर्षानुवर्षे ‘पड’ हीच नोंद.

पड म्हणजे मोकळी नव्हे. एका अंगाला वेडी बाभूळ, मधे कमरेइतके गाजरगवत, त्यात तरवड आणि कुसळी. गाजरगवताची आपल्याकडची नोंद पुण्यातून १९५६ साली झाली म्हणतात. आमच्या हाडकीत तर ते पिढीजात राहत असल्यासारखे माजले होते. बांध कुठे, आपले कुठे, शेजाऱ्याचे कुठे, काही दिसत नव्हते.

२०२१ च्या दिवाळीत चारही घरांनी एकदाचे ठरवले. शेजारच्या गावातल्या एका तरुणाकडे ट्रॅक्टरला मागे जोडायचे कुट्टी यंत्र होते, गावात त्याला मल्चर म्हणतात. तासाला बाराशे रुपये भाडे. अडीच तासांचे तीन हजार, घरटी साडेसातशे. बी.कॉम. झालेल्या माणसाने हिशेब चोख केला. पण जो हिशेब करायला हवा होता तो केला नाही.

यंत्र पाहण्यासारखे होते. लोखंडी पेटीच्या आत एक आडवा रोटर आणि त्याला बिजागरीवर लोंबावीत तशी जाड पाती. ट्रॅक्टरचा पी.टी.ओ. दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो आणि पट्ट्यांवरून रोटरपर्यंत जाताना तो वेग तिप्पट-चौपट होतो. त्या वेगात लोंबती पाती ताठ होतात आणि समोर येईल ते गवत, धस, काटकी यांचा भुगा करून जागेवरच पसरतात. ट्रॅक्टर चांगला पंचेचाळीस-पन्नास अश्वशक्तीचा लागतो. वीस वर्षांचे रान डोळ्यांसमोर आडवे होत होते. आम्ही सगळे बांधावर उभे, पोरे मोबाईलवर फोटो काढत होती. चुलतभाऊ म्हणाला, “आपला म्हातारा हे बघायला पायजे हुता.”

एवढ्यात खण्णकन आवाज झाला. चुलतभावाचा बारा वर्षांचा मुलगा कपाळ धरून खाली बसला. बोटांतून रक्त. गवतात बुडालेल्या दगडावर पाते आपटले होते आणि त्याची कपरी उडून थेट पोराला लागली होती. यंत्राच्या मागे दगड अडवायला साखळ्यांची झालर असते, तिच्यातल्या निम्म्या साखळ्या तुटलेल्या होत्या. आम्ही ते पाहिले होते, पण त्याचा अर्थ आम्हाला कळला नव्हता. तालुक्याच्या दवाखान्यात चार टाके पडले, धनुर्वाताचे इंजेक्शन झाले. डोळा दोन बोटांनी वाचला.

रात्री मुंबईला फोन केला. वडील तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, गुडघ्यांनी बसलेले. पोराची खुशाली विचारली आणि मग म्हणाले, “दगड कोणता लागला? कोपऱ्यावरच्या पांढऱ्या चिचंजवळचा का?” आम्ही सकाळी जाऊन पाहिले. तोच होता. थोरल्या आजोबांच्या हयातीत मोजणी झाली तेव्हा पुरलेला बांधाचा दगड! त्याचा एक कोपरा ताजा फुटला होता. ज्या खुणेने ही जमीन आपली ठरली ती कुठे आहे हे माहीत असलेला माणूस आमच्या घरात जिवंत होता आणि ट्रॅक्टर आत घालण्यापूर्वी त्याला विचारावे असे आमच्यापैकी एकाच्याही मनात आले नव्हते.

दुसरा घाव शब्दांचा बसला. निघताना वहिनीच्या पाया पडलो. पोराच्या कपाळाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. म्हणाली, “भावजी, रान साफ झालं, बरं झालं. पर माझ्या चार शेरडांची वैरण हितं हुती. बाभळीच्या शेंगा ती खात्यात. चुलीला फाटी मी हितनंच आणायची. आता मी कुठं जाऊ ते बी सांगून जावा.” आम्ही सभांमधून भूमिहीन बायाबापड्यांच्या प्रश्नावर बोलणारे! ज्याला आम्ही वीस वर्षे पड म्हणत होतो त्या रानावर आमच्याच घरातली एक बाई वीस वर्षे संसार चालवत होती. तिला कोणी विचारले नव्हते.

तिसरा धडा पावसाने दिला. २०२२ च्या जूनमध्ये चुलतभावाचा फोन आला, “गाजरगवात पयल्यापरीस दाट उगावलंय.” कारण साधे होते. आम्ही गेलो दिवाळीत, म्हणजे सुटी असते तेव्हा. गवताने फुलून बी धरले होते. एका झाडाला हजारोंनी बी. यंत्राने आम्ही ते सगळ्या रानात सारखे पसरून दिले, पेरणीच केली म्हणा ना. वेडी बाभूळही वरून कापली तरी बुडख्यातून पुन्हा फुटली. हे यंत्र मूळ उपटत नाही, फक्त वरचे कापते. त्यापुढचे काम नांगराचे, कुदळीचे आणि दरवर्षी जागेवर हजर राहणाऱ्या माणसाचे.

मग पंधरा ऑगस्टला जोडून आलेल्या सुट्यांत पुन्हा गेलो. या खेपेला ट्रॅक्टर शेवटी. पहिला पूर्ण दिवस चारही घरांची मोठी माणसे हातभर अंतरावर ओळ धरून रानातून चालली. हातात काठी, पायात बूट, कारण असल्या गवतात घोणस असते. सुटे दगड, तारेचे तुकडे, फुटक्या बाटल्या अशी दोन घमेली भरली. चारही कोपऱ्यांचे दगड शोधून त्यांना चुना लावला आणि शेजारी उंच काठ्या रोवून त्यांवर फडकी बांधली. गाजरगवताने अंग खाजते आणि दम लागतो, म्हणून तोंडाला फडके आणि हातांत मोजे. बाभळीची खोडे मजूर लावून मुळासकट काढली. ते सरपण वहिनीच्या दारात रचले. बांधालगतची दोन गुंठ्यांची पट्टी तिच्या शेळ्यांच्या गवतासाठी राखली. ती कुठून कुठपर्यंत हे तिनेच काठीने आखून दिले.

दुसऱ्या दिवशी वापसा पाहून यंत्र आत घातले. आधी साखळ्या तपासल्या. पोरांना घरी ठेवले, मोठेही लांब देवळाच्या पारावर बसले. पहिला हात उंचावरून, दुसरा खाली. एका कडेकडून सुरुवात केली, म्हणजे ससा, सरडा, लाव्ह्याची पिल्ले दुसरीकडून निघून जातात. गवत तेव्हा कोवळे होते, फुलावर आले नव्हते. भुगा जाळला नाही, तो तसाच कुजू दिला. चालकाला एकच विनंती केली, पी.टी.ओ. दांड्यावरचे झाकण बसवल्याशिवाय काम नको. त्या फिरत्या दांड्यात पदर किंवा गमछा गुंतला तर ओढून काढायलाही वेळ मिळत नाही.

२०२३ च्या दुष्काळात हुलगा पेरला, नुसती वैरण हाती आली. २०२४ ला पाऊस बरा झाला, बाजरी झाली. उत्पन्नाचा हिशेब मांडला तर खर्चाच्या आसपासच येतो, उगाच फुशारकी नको. पण चुलतभावाच्या पोराने मोबाईलवरून ई-पीक पाहणी केली आणि सातबाऱ्यावर ‘पड’ जाऊन ‘बाजरी’ आले. तो कागद आम्ही वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

हे लिहायचे कारण असे की आपल्या अनेक घरांची अशी हाडकी-हाडोळ्याची जमीन गावी रानात बुडालेली आहे. “कशाला ठेवता, देऊन टाका” म्हणणारे दिवाळीला हमखास भेटतात. वतनाच्या या जमिनी बहुधा वर्ग २ च्या असतात, त्यांच्या विक्रीला अटी असतात. तहसीलमध्ये विचारल्याशिवाय कोणाच्या इसारपावतीवर सही करू नका. अनुसूचित जाती व नवबौद्धांच्या बचत गटांना समाजकल्याण खात्याकडून मिनी ट्रॅक्टरसाठी नव्वद टक्के अनुदानाची योजना आहे, तिची चौकशी करा. मात्र तो ट्रॅक्टर लहान असतो, असले मोठे यंत्र त्याला झेपत नाही. त्यासाठी भाड्याचाच बरा.

आणि यंत्र आत घालण्यापूर्वी एक दिवस रानातून पायी चाला. घरातल्या म्हाताऱ्याला दगड कुठे आहेत ते विचारा. तिथे कोणाची शेरडे चरतात तेही विचारा. आमच्या पुतण्याच्या कपाळावर चार टाक्यांची खूण आहे. यंदा गावी गेलो तेव्हा तोच पुढे होऊन आम्हाला पांढऱ्या चिंचेजवळ घेऊन गेला. त्याने दगडाला नवा चुना लावून ठेवला होता.